पहिल्या हाकेला ओ

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवर मी हसायला येते. राग मानू नका. पांढरी साडी, उलटे पाय, गाडीच्या आरशात दिसलेली बाई... जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मी तुमचे अनुभव वाचते आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवते. परभणीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे मी. रक्त, थुंकी, लघवी... काचपट्टीवर दिसतं तेवढं खरं, बाकी सगळं नातेवाइकांचं बोलणं. लहानपणापासूनचा हा स्वभाव. आई अंगारा लावायला आली की मी कपाळ पुसून पळायचे आणि पाठीत रट्टा खायचे.

पण मागच्या वैशाखात जे झालं ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ऊन लागलं असेल तुला." दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणून इथे लिहितेय. यात भूत दिसत नाही, काही पांढरं सरकत नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी खुशाल पुढची पोस्ट उघडावी.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं माहेर राणीसावरगावचं. तिला दिलं गंगाखेड तालुक्यातच, गोदावरीच्या काठच्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचंय. थोडी शेती आणि शेळ्या-मेंढ्या. दाजी शेताचं बघतात, आक्का शेळ्यांचं. एकुलता एक मुलगा, कृष्णा. तो अगदी लहान होता तेव्हा मी कॉलेजसाठी आक्काकडे राहायचे. दिवसभर माझं "आक्का, आक्का" ऐकून तोही आईला आक्काच म्हणायला लागला. दाजी म्हणायचे, "माय म्हण रे, तुझी बहीण हाय का ती?" पण नाही, सोळा वर्षांचा घोडा झाला तरी आक्काच. अख्ख्या गावात तिला आक्का म्हणणारे आम्ही दोघंच. बाकी सगळ्यांची ती काकू, नाहीतर वैनी. एवढं लक्षात असू द्या.

गावाच्या खालच्या अंगाला नदी वळण घेते. तिथल्या काठाला आसरांचा काठ म्हणतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. एका करंजाखाली त्यांचे शेंदूर फासलेले दगड आहेत. बाया सकाळी तिथे जाऊन ओटी भरतात, खण आणि हिरव्या बांगड्या ठेवतात. ऊन चढलं की तिकडे कुणी फिरकत नाही, कारण भर दुपारी आसरा माणसाला बोलावून नेतात म्हणे. मला विचाराल तर माणसं नेणारी खरी वस्तू तिथे उघड्यावर पडलेली होती. वाळू! वर्षानुवर्षं मशीन लावून वाळू उपसलेली, काठावर तिचे ढीग आणि पाण्याखाली खड्डे. वरून घोटाभर पाणी दिसतं आणि पुढच्या पावलाला तळच लागत नाही. खड्ड्याची कड सगळी चिकणमातीची, धरायला जावं तर हातातच येते. पट्टीचा पोहणाराही तिथे गटांगळ्या खाईल. बिचाऱ्या आसरांचं नाव उगीच बदनाम, असं मी दाजींना नेहमी म्हणायचे.

आणि दुसरी गोष्ट हाकेची. आमच्याकडे हे घरोघरी शिकवतात. भर दुपारी किंवा दिवेलागणीला, एकट्या जागी कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आपलं माणूस असेल तर ते पुन्हा हाक मारतंच. जे आपलं नाही ते एकदाच मारतं, आणि मारतं तेही आपल्याच माणसाच्या आवाजात. आई आम्हाला शेतातून बोलवायची तीसुद्धा मुद्दाम दोनदा. मी हे मानत नाही, पण आजही लॅबमध्ये सरांनी एकदा हाक मारली की माझी मान वर होत नाही. सरांना वाटतं मला कमी ऐकू येतं.

कृष्णाची दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. सुट्टी, हातात मोबाइल आणि डोक्यात वारं... त्या वयाच्या पोरांना आणखी काय लागतं? तो, त्याचा जिगरी दोस्त पवन आणि अजून दोघं. त्यांची पैज लागली. भर दुपारी एकट्याने काठाकाठाने आसरांच्या दगडांपर्यंत जायचं आणि ओटीतली एक हिरवी बांगडी घेऊन यायचं. पवन आधी जाऊन आला. मनगटातली बांगडी नाचवत कृष्णाला म्हणाला, "तुझ्यात न्हाई दम. जा, मायचा पदर धरून बस." हे सगळं नंतर पवननेच रडत रडत सांगितलं.

कृष्णाने घरी सांगितलं होतं की गंगाखेडला चाललोय, अकरावीच्या क्लासची चौकशी करायला. तो दगडांपर्यंत गेला, बांगडी घेतली. परतताना वाळूच्या ढिगाला वळसा नको म्हणून घोटाभर पाण्यातून सरळ निघाला. पुढचं पाऊल खड्ड्यात. ढिगाच्या अलीकडे बसलेल्या तिघांनी त्याची एक हाक ऐकली, वाकून पाहिलं तर पाणी नुसतं हलत होतं. आसरांनी नेलं म्हणत तिघंही जिवाच्या आकांताने पळाले आणि आपापल्या घरात तोंड झाकून झोपले. दिवे लागायच्या वेळी पवनला ताप भरला, तेव्हा तो बोलला. दुसऱ्या दिवशी कृष्णा खालच्या अंगाला सापडला. बांगडी मनगटातच होती, साधा टवकासुद्धा गेला नव्हता तिचा.

तेरावं झालं त्या दिवशी मी आणि आक्का मागच्या दारी भांडी घासत होतो. ती राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली,

"संगे, त्यानं मला हाक मारली होती."

"कुणी?"

"किस्नानं. मी वरच्या बांधाला होते, शेळ्या घेऊन, बोरीखाली. खालून आवाज आला... आक्काऽऽ. एकच. मी उठलेसुद्धा. मग मनात आलं, ह्यो तर गंगाखेडला गेलाय, हितं कसा येईल? भर दुपार, अन् आसरांचा काठ. मी तोंडावर पदर धरला अन् दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले."

मला कळलं होतं ती पुढे काय सांगणार ते.

"दुसरी आलीच न्हाई गं. मी देवाचं नाव घेतलं अन् शेळ्या वळवून घराकडं आले. हातपाय धुतले. भाकर खाल्ली, संगे. तो तिकडं पाण्यात, अन् मी हितं बसून भाकर खाल्ली."

मी तिला म्हटलं, तू धावली असतीस तरी पोचली नसतीस. ते खोटं होतं आणि दोघींनाही ते माहीत होतं. वरच्या बांधावरून तो काठ हाकेच्या अंतरावर आहे. (दाजींना आता हे ठाऊक आहे. तिनेच सांगितलं, आणि लिही म्हणाली, म्हणूनच लिहिते आहे.)

पुढच्या वर्षभरात मी जमेल तशी जाऊन येत होते. आक्का कामाला लागली, बोलायची, शेळ्याही न्यायची. पवनचं नाव मात्र तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. तो रस्त्यात दिसला की ती तोंड फिरवून उभी राहायची, तो जाईपर्यंत. मग एक दिवस दाजींचा फोन आला.

"संगीता, तुझी बहीण रोज दुपारी काठाला जायलीय. पाण्याकडं तोंड करून उभी राहती अन् ओ म्हणती. एकटीच. लोकं भ्यायलेत तिला. पोखर्णीला नरसिंहाकडं नेऊन आणलं, डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, काही फरक न्हाई. एखाद्या दिवशी पाण्यात पाय टाकल ती. तू घेऊन जा तिला परभणीला."

दाजी रडणारा माणूस नाही. त्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज फाटला. कृष्णा गेला तो गेला, आता बहीणही त्याच काठाला घालवायची का?

वर्षश्राद्धाला मी दोन जादा दिवस काढूनच गेले. पानं उठल्यावर तिला बाजूला घेतलं.

"चल माझ्याकडं. चार महिने राहा, मग बघू."

"तो हाक मारल अन् मी नसले तर?"

"आक्का, तो न्हाई आता."

"मला काय येड लागलंय का? माझ्या डोळ्यादेखत जाळलंय त्याला. पण त्याची एक हाक माझ्यावर राहिलीय, संगे. ओ न देता कशी येऊ?"

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, पण फार राग आला. मी म्हटलं, "ठीक आहे. उद्या मी येते तुझ्यासंगं. ऊन उतरेपर्यंत बसू. हाक नाही आली तर संध्याकाळच्या एसटीने परभणी. कबूल?"

"अन् आली तर?"

"आली तर मी एकटी जाईन आणि पुन्हा तुला एका शब्दाने काही म्हणणार नाही."

तिने मान हलवली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेळ्या घेऊन आम्ही काठाला गेलो. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको. वारा पडलेला, वाळूकडे बघवत नव्हतं, शेळ्यासुद्धा चरायचं सोडून बाभळीच्या सावलीत धापा टाकत बसल्या होत्या. आक्काच्या हातात तिची आकडी होती, म्हणजे शेळ्यांना पाला ओढायची लांब काठी. ती उन्हातच उभी राहिली, नदीकडे तोंड करून. मी डोक्यावर ओढणी घेऊन सावलीत बसले, मीठ-साखरेचं पाणी पीत. खरं सांगायचं तर मनात एसटीचा हिशोब चालला होता, आणि आक्काची कुठली पातळं बरोबर घ्यायची याचा.

आणि हाक आली.

"आक्काऽऽ."

खालून, डाव्या हाताच्या वाळूच्या ढिगामागून. एकच. शेवटचा 'का' वर ओढलेला. शाळेतून आल्यावर दारात बूट काढता काढता तो अशीच मारायचा, जेवायला वाढ म्हणून. मी ती हाक हजारदा ऐकलेली आहे. माझ्या तोंडात पाणी होतं, ते तसंच राहिलं.

आक्काने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस," एवढंच म्हणाली. विचारलं नाही तिने, माझ्या चेहऱ्यावर दिसतच असणार.

आणि मी काय केलं असेल? अंगारा पुसून पळणारी, काचपट्टीवरचंच खरं मानणारी मी... मी उठून तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, "थांब! दुसरी येऊ दे."

"एकदा थांबले होते की," ती म्हणाली. हात हिसडून तिने अशी मोठ्याने ओ दिली की शेळ्या उठून उभ्या राहिल्या, आणि ती खाली धावत सुटली.

मी मागे. चपला कुठे गेल्या कळलं नाही. ती पाण्यात जाणार, माझ्या डोळ्यांसमोर जाणार, दाजींना मी काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. मी तिला ओरडून बोलवत होते, आणि तोंडातून आक्का, आक्काच निघत होतं. ढिगाला वळसा घालून पोचले तर ती कडेला थिजून उभी.

खड्ड्यात पवन होता.

पाणी हनुवटीला लागलेलं, एका हातात लव्हाळ्याचा झुबका, तोही मुळासकट सुटत आलेला. डोळे सताड उघडे, तोंड उघडं आणि आवाज नाही. नुसतं उघडं तोंड. आम्ही बसलो होतो तिथून तो दिसणं शक्यच नव्हतं, मध्ये माणसापेक्षा उंच ढीग होता.

आक्काने आधी त्याच्या पलीकडे पाहिलं. पाण्यावरून, त्या काठापर्यंत, पुन्हा अलीकडे. ती दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होती. मग तिची नजर पवनवर आली. ज्याच्या सावलीला ती वर्षभर उभी राहिली नव्हती, तो पोरगा तिच्या पायाशी बुडत होता. तिने पाठ फिरवली असती तर? मला त्या क्षणी तिची भीती वाटली, हे मी कबूल करते. मग ती ओल्या वाळूत पालथी पडली आणि आकडी पुढे केली.

"धर! धर म्हन्ते ना मुडद्या, सोडू नको!"

मी तिचे पाय धरले. कड ढासळत होती, ती इंचाइंचाने पुढे सरकत होती, मी मागे ओढत होते. कसा निघाला तो, कुणी किती जोर लावला, मला नीट आठवत नाही. निघाला एवढं खरं. वाळूत पडून पाणी ओकत राहिला बराच वेळ.

त्याची गोष्ट साधीच होती. वर्षभर गावातली पोरं त्याला पळपुट्या म्हणत होती. त्या दिवशी टपरीवर पुन्हा निघालं. मर्द असशील तर तुझी ती बांगडी एकट्याने दुपारी परत ठेवून ये, म्हणाले. तो गेला. बांगडी ठेवली आणि परतताना तोही त्याच घोटाभर पाण्याला फसला. आम्ही यायच्या आधीपासून तो तिथे लटकलेला होता.

आक्काने त्याला एकच विचारलं. "हाक कुणी मारली?"

"कुणी न्हाई मारली, काकू."

"तू मारलीस का?"

"घशातून आवाजच निघंना. अन् मारून तरी... कोण येणार होतं मला काढायला?"

मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. आजूबाजूला कुणी होतं का, टपरीवरची पोरं मागे आली होती का? कुणी आलं नव्हतं. ती पोरं गावातच होती, त्याची मी नंतर स्वतः जाऊन खातरजमा केली.

आक्का उठून परत पाण्यापाशी गेली. पाण्यात नाही, कडेला. बराच वेळ उभी राहिली. मग जिथे होती तिथे खाली बसली आणि जो टाहो फोडला... तेरा दिवसांत नाही, वर्षभरात नाही, असं रडताना मी तिला पाहिलं नव्हतं.

"त्याला ओ द्यायला आले गं संगे! त्याला द्यायला आले, अन् ह्यो हाताला आला!"

दोन्ही हातांनी ती वाळू बडवत होती. पवन पलीकडे गुडघ्यात डोकं घालून हुंदके देत होता. मी दोघांच्या मध्ये उभी. कुणाकडे जावं तेच कळेना.

घरी आलो तेव्हा शेळ्या पुढे, मागे आम्ही आणि बऱ्याच अंतराने तो. आक्काने त्याला हातसुद्धा लावला नाही. त्याच्या दारात थांबून त्याच्या आईला एवढंच म्हणाली, "लेकरू सांभाळ." ती बाई पाया पडायला वाकली, तोवर आक्का निघालीही होती.

पैज मी हरले होते. संध्याकाळी गुपचूप माझी एकटीची बॅग भरायला घेतली, तर आक्का तिची पिशवी घेऊन आली. "चल, येते मी तुझ्यासंगं. आता काय राहिलंय हितं?"

माझ्याकडे पेरणीपर्यंत राहिली. जेवायची, झोपायची, माझ्या मुलीची वेणी घालायची. आता पुन्हा गावी आहे. दुपारी काठाला जात नाही, शेळ्या दुसऱ्या अंगाला नेते. दाजी म्हणतात, नरसिंह पावला.

मी माझ्या परीने सगळं तपासून पाहिलं. शेळीचा आवाज? मोर? माझं मन त्या दिवशी हळवं होतं म्हणून भास? मग दोघींना एकाच वेळी, एकाच बाजूने कसा झाला? पवननेच बेशुद्धीत हाक मारली असेल? तर तो काकू म्हणाला असता, नाहीतर मम्मी. ती हाक कुणाची होती आणि ढिगामागे बुडणारा पोरगा तिला कसा ठाऊक होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लिहा. आता हसणार नाही.

एका गोष्टीचं उत्तर मात्र मिळालं, आणि ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं. लॅबमधल्या डॉक्टरांना मी सहज म्हणून विचारलं होतं. ते म्हणाले, नाकातोंडात पाणी गेलं की घसा मिटतो, बुडणारा माणूस बहुतेक वेळा एकदाच ओरडू शकतो. यात गूढ काही नाही. कृष्णाला दुसरी हाक मारायची असेलच, त्याला ती मारता आली नाही. आक्काला हे मी सांगितलेलं नाही.

परवा तिचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलली, शेळी व्यायली म्हणाली. मग मध्येच थांबून म्हणाली, "संगे, बायांसंगं ओटी भरायला गेले होते सकाळी. लय शांत वाटायलंय आता काठाला. कुणीच बोलवंना." आणि फोन न ठेवता रडत राहिली.